विकीवरून स्टॅटिक साइटवर जाताना: आधी जुने पत्ते, मग पानं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. द्राक्षबागेतल्या फवारणीच्या आणि पावसाच्या नोंदी ठेवणारं तुमचं मुक्तस्रोत ॲप आहे, निफाड-दिंडोरी भागातले बागायतदार ते वापरतात. त्याची सगळी माहिती मीडियाविकीवर (विकिपीडिया ज्यावर चालतो त्या सॉफ्टवेअरवर) आहे, मराठी-इंग्रजी मिळून दोन-अडीचशे पानं. सर्व्हरचं भाडं एकाच सदस्याच्या खिशातून जातं, विकीचं सॉफ्टवेअर बरेच महिने अपडेट झालेलं नाही आणि नवी खाती बहुतेक स्पॅमवाल्यांची. विकी बंद करून स्टॅटिक साइट (आधीच तयार केलेल्या पानांची साइट) करावी का, आणि केली तर ती बनवायला एमकेडॉक्स हे साधन घ्यावं की ह्यूगो?

करा. साधनाचा प्रश्न मात्र शेवटी घेऊ. त्यावर लोक हिरिरीने भांडतात, पण काम फसतं ते दुसरीकडेच: जुने दुवे मरतात, किंवा विकीवर लिहिणारी माणसं मुकाट्याने गळतात.

करा असं का म्हणतो ते आधी. मीडियाविकी पीएचपी आणि डेटाबेसवर चालतो आणि त्याची निगा राखावीच लागते. त्याची दीर्घ मुदतीची आवृत्तीसुद्धा तीन वर्षंच सांभाळली जाते. डिसेंबर 2024 मधली 1.43 घेतली, तरी 2027 च्या अखेरीस पुन्हा अपडेटचं काम आहेच. ॲपलाच माणसं पुरत नाहीत, तिथे हे कोण बघणार? स्टॅटिक साइट म्हणजे नुसत्या फाइली. लॉगिन नाही, डेटाबेस नाही, स्पॅमवाल्याला शिरायला जागा नाही. शिवाय माहिती कोडच्याच रेपोत (कोड ठेवण्याच्या सामायिक जागेत) आली, की स्क्रीन बदलणाऱ्याला त्याच पुल रिक्वेस्टमध्ये (बदल स्वीकारण्याच्या विनंतीत) त्या स्क्रीनचं पानही बदलायला लावता येतं. माझ्या मते खरा फायदा हाच.

आता माणसांचं. विकीच्या महत्त्वाच्या पानांच्या इतिहासात जाऊन गेल्या दोनेक वर्षांत खरोखर कोणी लिहिलंय ते बघा. माझा अंदाज, डेव्हलपरांपेक्षा एखादा कृषी पदवीधर किंवा पिंपळगावचा औषधांचा दुकानदार जास्त वेळा दिसेल. भुरी आणि डावणीची नोंद वेगवेगळी कशी करायची, हे त्यानेच मोबाइलवर बसून नीट केलेलं असतं. त्याला तुम्ही 'आता गिट शिका', म्हणजे कोडमधले बदल नोंदवण्याचं साधन शिका, म्हणालात, की तो वाद घालणार नाही. तो फक्त परत येणार नाही.

यावर मार्ग आहेत. प्रत्येक पानावर 'हे पान सुधारा' असा दुवा द्या, तो थेट गिटहबच्या, म्हणजे कोड जिथे ठेवतात त्या साइटच्या, वेब संपादकात उघडतो. फोर्क (रेपोची स्वतःची प्रत) काढून पुल रिक्वेस्ट तयार करण्याचं बरंचसं काम गिटहब स्वतःच करतो, पण खातं लागतं. डेकॅप, म्हणजे पूर्वीचं नेटलिफाय सीएमएस, लावलं तर फॉर्म भरल्यासारखं लिहिता येतं; पण गिटहब पेजेसवर (गिटहबच्या स्टॅटिक साइट ठेवण्याच्या सेवेवर) ते चालवायचं तर लॉगिनसाठी मध्ये एक छोटी सेवा उभी करावी लागते, म्हणजे पुन्हा कोणीतरी सांभाळायची गोष्ट आलीच. तुमच्या गटाला मी तिसराच मार्ग सुचवेन: त्या चार-पाच जणांनी बदल व्हॉट्सॲपवर पाठवावेत, एकाने ते फाइलीत घालावेत आणि कमिटमध्ये (बदलाच्या नोंदीत) सहलेखक म्हणून त्यांचं नाव टाकावं. दिसायला गावठी आहे, पण टिकतं. आणि त्यांना हे साइट सुरू झाल्यावर नको, आत्ताच फोन करून सांगा.

सगळी पानं हलवायची नाहीत. केडीई या मुक्तस्रोत प्रकल्पाने डेव्हलपरांसाठीचे बरेच धडे टेकबेस विकीवरून काढून ह्यूगोच्या साइटवर नेले, पण वापरकर्त्यांचा युजरबेस विकीच ठेवला. तुम्हाला विकी ठेवायचा नाही, तरी निवड करावीच लागेल. वापरणाऱ्यांची मदत आणि डेव्हलपरांचं मार्गदर्शन नव्या साइटवर न्या. बैठकांची टिपणं, अर्धवट प्रस्ताव, चर्चापानं यांची एचटीएमएल प्रत काढून एका संग्रहाच्या फोल्डरात गोठवून ठेवा. कोणतं पान खरंच वाचलं जातं हे विकी सांगणार नाही. वाचनसंख्या मोजण्याची सोय 1.25 आवृत्तीतच मूळ मीडियाविकीतून काढली आहे. त्यासाठी वेब सर्व्हरचे लॉग लागतील. सर्व्हर सोडण्याआधी ते उतरवून घ्या, पुढे रिडायरेक्टची (जुन्या पत्त्यावरून नव्यावर पाठवण्याची) यादी करतानाही तेच कामी येतात.

मजकुराचं रूपांतर हा त्यातल्या त्यात सोपा भाग. विकी आधी फक्त वाचनासाठी ठेवा आणि वर तशी पाटी लावा, नाहीतर तुम्ही इकडे पानं उतरवताय आणि तिकडे कोणी त्यात भर घालतंय असं होतं. मग संपूर्ण इतिहासासह एक्सएमएल डंप (सगळ्या मजकुराची एक फाइल) काढा. चित्रं त्यात येत नाहीत, त्यांचं फोल्डर वेगळं उतरवा. पॅनडॉक हा रूपांतरक मीडियाविकीची लेखनपद्धत वाचून मार्कडाउन (साध्या मजकुरातली मांडणीची पद्धत) देतो आणि साधी पानं जवळजवळ जशीच्या तशी येतात. अडतं ते साच्यांपाशी, म्हणजे अनेक पानांत वापरलेल्या तयार तुकड्यांपाशी. 'सावधान' किंवा 'ही सोय अमुक आवृत्तीपासून' अशा चौकटींचे साचे विकीकडूनच उलगडून घेतले, तर हाती नुसता टॅगांचा गुंता येतो. त्यापेक्षा छोटी पायथॉन स्क्रिप्ट लिहून त्या साच्यांच्या जागी नव्या साइटची सूचनाचौकट घाला. मग उरतात ते एकमेकांत मिसळलेल्या रकान्यांचे तक्ते. मार्कडाउनच्या साध्या तक्त्यात ते मावतच नाहीत. फवारणीचं वेळापत्रक तशा तक्त्यात असेल, तर ते एचटीएमएलमध्येच ठेवा किंवा सरळ दोन तक्ते करा.

मराठी पानांसाठी काही गोष्टी मुद्दाम सांगतो, कारण इंग्रजी मार्गदर्शनात त्या सापडत नाहीत.

फाइलींची नावं रोमन लिपीत आणि छोटी ठेवा, पानाचं शीर्षक मराठीत असू द्या. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह तीन अक्षरांत लिहिला जातो. म्हणजे 'फवारणी' एवढ्या एका शब्दाचे 54 अक्षरांचे भेंडोळे होते. व्हॉट्सॲपवर आलेला असा दुवा पाहून कोणालाही तो फसवणुकीचा वाटेल.

दुसरं, अँकर, म्हणजे पानातल्या एखाद्या शीर्षकापाशी नेणाऱ्या दुव्याचं नाव. एमकेडॉक्स मूळ मांडणीत शीर्षकाचा अँकर बनवताना रोमन सोडून बाकी सगळी अक्षरं टाकून देतं, त्यामुळे मराठी पानावर अँकर निघतात ते नुसते अधोरेखा आणि आकडा असे. वर नवं शीर्षक घातलं की खालचे आकडे सरकतात आणि दुवे चुकतात. युनिकोडवाला पर्याय लावला तरी पुरतं भागत नाही, कारण पायथॉनच्या रेग्युलर एक्सप्रेशनला (मजकूर शोधण्याच्या नमुन्याला) काना-मात्रा 'शब्दातलं अक्षर' वाटतच नाहीत. 'किती'चा 'कत' होतो. उपाय एकच: महत्त्वाच्या शीर्षकांना हाताने रोमन आयडी द्या. त्यासाठीचं एक्स्टेंशन पायथॉन-मार्कडाउनबरोबरच येतं, फक्त चालू करायचं.

तिसरं अगदी बारीक, पण तासन् तास खातं. 'शेतकऱ्यांसाठी' यातला ऱ कोणी एका चिन्हात लिहितो, कोणाचा कीबोर्ड र आणि नुक्ता अशी दोन चिन्हं टाकतो. मीडियाविकी सगळं एकाच प्रमाण रूपात आणून साठवतो, म्हणून तिथे हे कधी जाणवत नाही. मार्कडाउनच्या फाइलींना ही सोय नाही. बिल्डच्या (साइट तयार करण्याच्या) आधी सगळा मजकूर एनएफसी या प्रमाण रूपात आणणारी एक ओळ स्क्रिप्टमध्ये ठेवा, नाहीतर दिसायला तंतोतंत सारखे शब्द शोधात जुळणार नाहीत.

शोधाचं म्हणाल, तर एमकेडॉक्सबरोबर येणारा शोध लनर या लायब्ररीवर चालतो आणि त्याची इंग्रजीसाठीची मूळ मांडणी देवनागरी शब्द कापून टाकते. हिंदीची पुरवणी आहे, ती लावून थोडं भागतं. मी पेजफाइंड हे शोधाचं साधन सुचवेन. ते तयार झालेल्या एचटीएमएलवरून अनुक्रमणिका बनवतं आणि लागेल तेवढाच तुकडा फोनवर उतरवतं, बागेत रेंज अर्धी असताना याचा फरक पडतो. पण सामान्यरूपाची अडचण तिथेही आहे. 'पाऊस' शोधणाऱ्याला 'पावसाची नोंद' हे पान सापडत नाही. अशा पानांच्या पहिल्या परिच्छेदात दोन्ही रूपं येतील अशी वाक्यं लिहा. त्याहून हुशार इलाज मला सापडलेला नाही.

आता जुने पत्ते. यावर सर्वांत जास्त वेळ घालवा. तुमचे दुवे कुठे कुठे आहेत ते आठवा: व्हॉट्सॲपच्या गटांत, दुकानात चिकटवलेल्या क्यूआर कोडमध्ये, आणि मुख्य म्हणजे ॲपच्याच 'मदत' बटणामागे. ज्याने ॲपची जुनी आवृत्ती कधी बदललीच नाही, त्याचं बटण पुढची काही वर्षं विकीच्याच पत्त्यावर जाणार.

इथे गिटहब पेजेस कमी पडतं. त्याला सर्व्हरच्या पातळीवरचं 301 (कायमचं) रिडायरेक्ट देता येत नाही. एमकेडॉक्सचं रिडायरेक्टचं प्लगिन किंवा ह्यूगोमधले उपपत्ते जुन्या पत्त्यावर एक छोटं पान ठेवतात आणि ते पान ब्राउझरला पुढे ढकलतं. विकीचे पत्ते साधे असतील तर एवढ्यावर निभावतं. पण मीडियाविकीचे मूळ पत्ते इंडेक्स डॉट पीएचपी, मग प्रश्नचिन्ह आणि त्यापुढे पानाचं नाव असे असतात, आणि प्रश्नचिन्हापुढचं गिटहब पेजेस पाहतच नाही. तुमच्या ॲपमधलं बटण त्याच जातीचं असेल, तर जुनं डोमेन एखाद्या स्वस्त सर्व्हरवर एनजिनएक्स हे वेब सर्व्हरचं सॉफ्टवेअर लावून फक्त रिडायरेक्टसाठी ठेवा. जुन्या-नव्या पत्त्यांच्या जोड्यांचा एक मॅप, बस्स. त्याला ना पीएचपी लागतं, ना डेटाबेस. एक खाच लक्षात घ्या: एनजिनएक्स पत्त्याचा मुख्य भाग उलगडून वाचतं, पण प्रश्नचिन्हापुढचं मूल्य टक्क्यांच्या सांकेतिक रूपातच धरतं. त्यामुळे त्या मॅपमध्ये मराठी नावं देवनागरीत लिहिली तर एकही जुळणार नाही.

पत्त्यातला हॅशपुढचा (# या खुणेपुढचा) भाग सर्व्हरपर्यंत पोहोचतच नाही, तो ब्राउझर स्वतःच नव्या पानावर घेऊन जातो. जुन्या मीडियाविकीत मराठी शीर्षकांचे अँकर टक्क्यांऐवजी टिंबांनी लिहिलेले असत. तसले सगळे दुवे जपण्याच्या फंदात पडू नका. माणूस योग्य पानाच्या माथ्यावर उतरला तरी पुरे.

तारीख ठरवताना कॅलेंडर बागेचं बघा. सप्टेंबर-ऑक्टोबरची फळछाटणी सुरू झाली, की पुढे काढणीपर्यंत लोक रोज नोंदी करतात आणि मदतीची पानं तेव्हाच उघडतात. त्या काळात पत्त्यांना हात लावू नका. एप्रिलची खरड छाटणी आटोपल्यावर, जून-जुलैच्या सुमारास बदल करा, म्हणजे फळछाटणीच्या आधी तुटलेले दुवे हुडकायला वेळ मिळतो.

परवान्याकडे सहसा कोणी पाहत नाही. विकीच्या तळाशी क्रिएटिव्ह कॉमन्सचा श्रेयनिर्देशाचा परवाना असेल, तर लेखकांची नावं पुढे न्यावीच लागतात आणि तो परवाना कोडच्या परवान्यात विरघळत नाही. माहितीच्या फोल्डरात परवान्याची वेगळी फाइल ठेवा आणि पानांच्या इतिहासातून काढलेली लेखकांची यादी तिच्याशेजारी. परवाना कुठेच लिहिला नसेल, तर हक्क ज्याचे त्याच्याकडे राहतात. मुख्य लेखकांना विचारून लेखी होकार घ्या. पूर्ण इतिहासाचा एक्सएमएल डंप रेपोच्या रिलीजमध्ये ठेवता येईल, पण बेनामी संपादकांचे आयपी पत्ते त्यात असतात, ते आधी पुसा. डेटाबेसची प्रत मात्र कधीही सार्वजनिक करू नका. सदस्यांचे ईमेल आणि पासवर्डचे हॅश (सांकेतिक रूपं) त्यात असतात.

ज्यांचा विकी गिटहबचाच आहे, त्यांना यातलं निम्मंही करावं लागणार नाही. तो विकी मुळात वेगळा गिट रेपोच असतो. क्लोन केला (पूर्ण प्रत उतरवली) की पानं आणि इतिहास दोन्ही हाती येतात. 500 तारे (गिटहबवरची पसंतीची खूण) आणि सार्वजनिक संपादन बंद, या दोन्ही अटी पुऱ्या झाल्याशिवाय सर्च इंजिनं तो विकी नोंदवत नाहीत, त्यामुळे लहान प्रकल्पाने तो सोडण्यात नुकसान काहीच नाही.

राहिलं साधन. दोन-अडीचशे पानांना दोन्हींचा वेग सारखाच वाटेल. ह्यूगो ही एकच फाइल, दोन भाषांची सोय तिच्यातच आहे. पण तिची टेम्प्लेटची भाषा नवख्याला घाम फोडते. एमकेडॉक्समध्ये दोन भाषांसाठी प्लगिन लागेल किंवा दोन फोल्डर करावे लागतील, मात्र सगळी मांडणी एका वायएएमएल फाइलीत मावते. तुमच्याकडे येणारी पोरं इंजिनिअरिंग संपलं की पुण्याला जातात, म्हणजे बिल्ड मोडेल तेव्हा समोर नवीनच कोणी असणार. त्याला पायथॉन येत असण्याची शक्यता जास्त, म्हणून तुमच्यासाठी माझं मत एमकेडॉक्सला. सगळ्या पॅकेजांच्या आवृत्त्या पक्क्या करून ठेवा आणि दर पुल रिक्वेस्टला कडक तपासणीचा पर्याय चालू ठेवून बिल्ड होऊ द्या. आतला दुवा तुटला की ते तिथेच थांबेल.

जुनं डोमेन कोणाच्या नावावर आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही. सर्व्हरचं भाडं भरणाऱ्या सदस्याच्याच नावावर असेल, तर नूतनीकरणाचे ईमेल गटातल्या आणखी दोघांना जातील अशी व्यवस्था विकीला हात लावण्याआधी करा. लॉगमधून जुन्या पत्त्यांची यादी निघाली की इथे टाका, एनजिनएक्सचा मॅप मी बघून देतो.