तालमीमागं सापडलेली बाटली

चिरंजीवास आशीर्वाद.

समोर बसवून बोलायला गेलो तर मी ओरडेन आणि तू मान खाली घालून 'हो वस्ताद' म्हणशील. म्हणून लिहितोय.

परवा तालमीच्या मागं, आंघोळीच्या दगडाजवळ, इंजेक्शनची रिकामी बाटली सापडली. लेबल अर्धं फाटलेलं, पण 'मेफेन्टरमाइन' एवढं वाचता आलं. ती तुझीच असं मी म्हणत नाही. पण तीन महिन्यांत तुझं वजन सात किलोनं वाढलंय आणि पाठभर पुरळ उठलंय. ते काम या बाटलीचं नव्हे, स्टिरॉइडच्या गोळ्यांचं. एवढं मला कळतं.

आधी बाटलीचं सांगतो. ऑपरेशनच्या टेबलावर रक्तदाब कोसळला की भूल देणारे डॉक्टर हे औषध टोचतात, आणि टोचताना त्यांची नजर मॉनिटरवर असते. पोरं म्हणतात, याच्यानं दम लागत नाही. दम लागतोच रे, कळत नाही एवढंच. दम लागणं ही काळजानं मारलेली हाक असते. तिचंच तोंड दाबून तू शंभर जोर जास्त मारणार!

गोळ्यांची गोष्ट याहून वाईट. या गोळ्या म्हणजे टेस्टोस्टेरॉनची, म्हणजे पुरुषी संप्रेरकाची नक्कल. ते संप्रेरक अंडकोषात तयार होतं, पण त्याचा हुकूम मेंदूकडून सुटतो. बाहेरून माल आला की मेंदूला वाटतं कोठार भरलंय, आणि तो हुकूम थांबवतो. मग अंडकोष आक्रसतात, शुक्रजंतू घटतात, छातीत गाठी धरतात. गोळ्या सोडल्या तरी घरचा कारखाना महिनोन्‌महिने नीट सुरू होत नाही. शिवाय काळजाची भिंत जाड होते, यकृतावर ताण येतो. तू तर अजून सतरा पुरा नाहीस. हाडांची वाढती टोकं वेळेआधी मिटली की उंची आहे तिथंच थांबली. मग वरच्या गटातल्या लांब हातांच्या गड्याला कसा धरशील?

आणि मल्लाच्या कामाचं एक. स्नायू फुगतो, पण त्याला हाडाशी बांधणारी कंडरा त्या वेगानं मजबूत होत नाही. माझ्या जोडीतल्या एकाच्या दंडाची कंडरा सरावातच तुटली. ओली दोरी तुटावी तसा आवाज झाला. पुढं तो हात त्यानं कधी खांद्यावर नीट नेला नाही.

मी काही धुतल्या तांदळाचा नाही. एकदा वजन उतरवायला लघवीची गोळी खाल्ली होती. रात्रभर पोटऱ्यांत गोळे आणि छातीत धडधड. ती गोळीही बंदीच्या यादीत आहे.

तुला हे कुणी दिलं, ते मी विचारत नाही. पण देणाऱ्याचं काय होतं ते बघ. पूर्व जर्मनीत हायडी क्रीगर नावाची गोळाफेकपटू होती. सोळाव्या वर्षापासून तिला जीवनसत्त्वं म्हणून स्टिरॉइडच्या निळ्या गोळ्या दिल्या. 1986 साली स्टुटगार्टला ती युरोपची विजेती झाली. आज ते आंद्रेआस क्रीगर म्हणून जगतात. स्वतःची ओळख स्वतः ठरवायची संधी त्या गोळ्यांनी हिरावली, असं ते सांगतात. खेळाडूंना अशा गोळ्या चारायची सरकारी योजनाच होती; ती चालवणाऱ्या बड्यांना 2000 साली बर्लिनच्या कोर्टानं शिक्षा दिली, तीही स्थगित. तुरुंग कुणी पाहिला नाही.

आपल्याकडचं तुला ठाऊकच आहे. नरसिंग यादव, तीनदा महाराष्ट्र केसरी. 2016 साली रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर त्याच्या नमुन्यात मेथॅन्डिएनोन हे स्टिरॉइड सापडलं. कुणीतरी मुद्दाम खाण्यात कालवलं, असं तो म्हणाला. नाडानं, म्हणजे देशाच्या उत्तेजकविरोधी संस्थेनं, ते मान्यही केलं. पण कुस्तीच्या आदल्या दिवशी आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाला ते पटलं नाही, आणि चार वर्षांची बंदी बसली. खरं काय ते मी ठरवणार नाही. नियम मात्र असा, की तुझ्या अंगात सापडलं म्हणजे जबाबदार तू. जिमवाल्यानं दिलेला पावडरचा डबासुद्धा याच हिशेबात धर. डब्यावर सगळं छापलेलंच असतं असं नाही.

आता एकदम सगळं तोडून घरी झोपून राहू नकोस. बंद केल्यावर अंगातलं बळ आणि मन दोन्ही खचतं. डॉक्टरांकडे मी सोबत येतो. त्यांना किती, काय, कधीपासून ते खरं सांगायचं. मी बाहेर बसेन. जत्रेतली कुस्ती यंदा धरायची नाही, इनामवाल्यांना मी निरोप देतो. वजन उतरेल, लोक हसतील, हसू देत. तोवर मातीत ये, बैठका मोजायला मी आहे.

सोमवारी पहाटे गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर थांबतो. राहिलेल्या गोळ्या आणि तो डबा पिशवीत घालून आण. वडिलांना अजून काही बोललेलो नाही.

तुझा,
वस्ताद