आबिटुरच्या सर्टिफिकेटचं इंग्रजी भाषांतर करताना 'ए लेव्हल' लिहिलं तर चालेल का?

तुम्ही विचारलंय की मुलगी जर्मनीत आबिटुर (तिथली शाळा संपतानाची, आपल्या बारावीसारखी परीक्षा) झालीय, आता इंग्लंडच्या युनिव्हर्सिटीला अर्ज करायचाय, तर भाषांतरात सरळ 'ए लेव्हल' (इंग्लंडमधल्या शाळेच्या शेवटच्या परीक्षा) लिहावं का. नका लिहू, प्लीज. मी पुण्यात बरीच वर्षं जर्मन कागदपत्रांची भाषांतरं करतेय आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

ए लेव्हल विषयवार असतात, मुलं साधारण तीन विषय घेतात. आबिटुर म्हणजे सगळं मिळून एकच प्रमाणपत्र, 900 पैकी गुण, त्यातले 600 शेवटच्या दोन वर्षांच्या वर्गातल्या कामाचे आणि 300 परीक्षेचे. मग एकाला दुसऱ्याचं नाव कसं देणार? आणि तुलना करायचं काम युनिव्हर्सिटीचं आहे, भाषांतरकाराचं नाही. तुम्ही 'आबिटुर' तसंच ठेवा आणि कागदावर जे 'आलगेमाइनं होखशूलराइफं' छापलेलं असतं त्याला 'जनरल हायर एज्युकेशन एन्ट्रन्स क्वालिफिकेशन' लिहा. होख म्हणजे हाय, शूलं म्हणजे स्कूल असं जोडून 'हायस्कूल' करू नका, होखशूलं म्हणजे बारावीच्या पुढचं, कॉलेज-युनिव्हर्सिटीचं शिक्षण.

मार्कांचं तर विचारूच नका. एका मुलाचे पेपर माझ्याकडे दुरुस्तीला आले होते, मूळ कागदावर सरासरी 1,3 (आपल्याकडे 1.3 लिहू) म्हणजे अतिशय उत्तम, जर्मनीत 1 सगळ्यात वरचा आणि 4 म्हणजे जेमतेम पास, आणि आधीच्या भाषांतरात त्याचं 'जीपीए 1.3' केलेलं. जीपीए ही अमेरिकी पद्धतीची सरासरी, तिच्यात 4 सगळ्यात वर, म्हणजे हुशार पोरगा कागदावर काठावरचा दिसत होता, मला खरंच वाईट वाटलं. आकडा आहे तसा ठेवा, फक्त चौकोनी कंसात भाषांतरकाराची टीप टाका की 1 सर्वोत्तम.

अजून एक, सर्टिफिकेटवरचा शब्द नीट वाचा. 'आलगेमाइनं' असेल तर सगळ्या युनिव्हर्सिट्यांचं दार उघडं, 'फाखगेबुंडनं' असेल तर ठरावीक शाखांपुरतं, आणि नुसतं 'फाखहोखशूलराइफं' असेल तर ते मुख्यतः अप्लाइड सायन्सेसच्या कॉलेजांसाठी असतं, आबिटुर नव्हे, घरात सगळे आबिटुर म्हणत असले तरी. त्यातही 'शूलिशर टाइल' लिहिलं असेल तर फक्त शाळेचा भाग पूर्ण झालाय, प्रॅक्टिकलचा बाकी आहे, तो शब्द गाळू नका. आणि जर्मन मूळ प्रतीची कॉपी भाषांतराला जोडूनच पाठवा.