आधी मोऱ्या, मग डांबर : युद्धानंतरच्या मोझांबिकविषयी वाचकांचे प्रश्न

मोझांबिकमध्ये फ्रेलिमो पक्षाचे सरकार आणि रेनामो हे बंडखोर यांच्यातले यादवी युद्ध 1977 पासून चालले आणि 4 ऑक्टोबर 1992 रोजी रोममध्ये झालेल्या कराराने थांबले. या काळात रूळ, पूल आणि वीजवाहिन्या ही लढाईची मुख्य लक्ष्ये होती. हे दळणवळण परत कसे उभे राहते, यावर आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडून येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : करार झाल्यावर सगळेच मोडलेले असते. मग पहिले काम कोणते धरायचे? (भूगोलाच्या शिक्षिका)

मोझांबिकमध्ये पहिली निकड होती ती माणसे घरी पोहोचवण्याची. शेजारच्या देशांत गेलेले सुमारे 17 लाख निर्वासित पुढच्या दोन-तीन वर्षांत परतले. त्यांना बियाणे, धान्य आणि पाण्याचे पंप पोहोचवायचे, तर महामार्गापेक्षा जिल्ह्याचा कच्चा रस्ता आधी उघडावा लागतो. म्हणून क्रम असा लागतो : रस्ता सुरुंगमुक्त करणे, पडलेले छोटे पूल आणि मोऱ्या (रस्त्याखालून पाणी जाण्याच्या वाटा) कशाबशा चालू करणे, पाण्याला वाट काढून देणे, आणि मग पृष्ठभाग. डांबर सगळ्यात शेवटी. देणगीदार आणि मंत्री यांना डांबर लवकर हवे असते, कारण ते दिसते. पण 100 किलोमीटरच्या रस्त्यावर एक मोरी वाहून गेलेली असेल, तर उरलेले सगळे किलोमीटर ट्रकच्या दृष्टीने नसल्यासारखेच असतात.

प्रश्न : सुरुंग धातुशोधकाने शोधतात. मग रेल्वेमार्गावर, जिथे सगळीकडे लोखंडच आहे, तिथे काय करतात? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी)

तिथे धातुशोधक जवळजवळ निकामी ठरतो. रूळ, फिशप्लेट (रूळ जोडणाऱ्या पट्ट्या), बोल्ट, गोळ्यांच्या पुंगळ्या, सगळ्यालाच तो वाजतो. अशा जागी तीन वाटा उरतात. पहिली, हाताने उकरण्याची : सुरक्षित बाजूने सुरुवात करून खडी आणि माती थराथराने काढत पुढे सरकायचे, सुरुंगाच्या माथ्यावर कधीही वरून दाब द्यायचा नाही. टोचणी वापरायची तर ती जमिनीशी साधारण 30 अंशांच्या कोनात, म्हणजे ती सुरुंगाच्या कडेला लागते, झाकणाला नाही. दुसरी वाट कुत्र्यांची आणि तिसरी उंदरांची. टांझानियात प्रशिक्षण दिलेले आफ्रिकी थैलीचे मोठे उंदीर मोझांबिकमध्ये वापरले गेले. ते सुरुंगातल्या टीएनटी या स्फोटकाचा वास ओळखतात, लोखंडाकडे ढुंकूनही पाहत नाहीत, आणि वजन जेमतेम किलोभर असल्याने त्यांच्या पावलाने सुरुंग उडत नाही. मात्र उंदराने जमीन खरवडली म्हणजे काम झाले असे नाही. त्या जागी माणसाला हातानेच उकरून खात्री करावी लागते.

वेळेचा अंदाज हवा म्हणून एक हिशेब. धातूचा कचरा असलेल्या जमिनीत एक माणूस दिवसाला 50 चौरस मीटर साफ करतो असे उदारपणे धरा. रस्ता आणि साइडपट्ट्या मिळून 10 मीटर रुंदी घेतली, तर एका किलोमीटरला 10,000 चौरस मीटर, म्हणजे 200 माणूस-दिवस लागतात. म्हणूनच आधी गावकऱ्यांना विचारून संशयित जागा आखून घेतात. जनावर कुठे मेले, कोणती पायवाट लोकांनी सोडली, सैनिकांचा तळ कुठे होता? पुलांचे पाये, विजेचे मनोरे आणि पाण्याच्या जागा हमखास संशयित. मोझांबिक 17 सप्टेंबर 2015 रोजी सुरुंगमुक्त जाहीर झाला आणि त्यातला शेवटचा ज्ञात सुरुंग सोफाला प्रांतात एका रेल्वे पुलाच्या पायथ्याशी निघाला. सुरुंग काढणाऱ्या एकट्या हॅलो ट्रस्ट या संस्थेने तोवर 1 लाख 71 हजारांहून अधिक सुरुंग काढले होते.

एक धोका नवख्या ठेकेदाराच्या लक्षात येत नाही. साफ केलेल्या रस्त्यासाठी मुरूम जिथून आणायचा, ती खाण आणि तिथे जाणारी वाट साफ केलेली नसते. ट्रक वळवायलाही रस्त्याबाहेर जागा लागते. सुरुंगमुक्तीच्या नकाशात खाण, पाण्याची जागा आणि यंत्रे उभी करायची जागा ही तिन्ही असलीच पाहिजेत.

प्रश्न : पडलेल्या पुलाच्या जागी बेली पूल टाकतात. तो किती सामानाचा असतो आणि कशाने बिघडतो? (बांधकाम ठेकेदार)

बेली पूल म्हणजे सुट्या लोखंडी चौकटी (पॅनेल) जागेवर जोडून उभा करायचा पूल. त्याचे एक पॅनेल सुमारे 3.05 मीटर लांब आणि साधारण 260 किलोचे असते. सहा माणसे ते उचलतात, क्रेन लागत नाही, हीच त्याची खरी ताकद. 30 मीटरचा गाळा असेल आणि दोन्ही बाजूंना दुहेरी पॅनेल लावायची असतील, तर 10 खणांना प्रत्येकी 4, अशी 40 पॅनेल लागतात. नुसत्या पॅनेलचेच वजन साडेदहा टनांच्या आसपास. त्याशिवाय आडवे बीम, फळ्या, पिना, तिरपे ताण. एका काठावर रुळांवर (रोलरवर) पूल जोडत जायचा आणि पुढे हलका तात्पुरता सांगाडा (नाक) लावून ढकलायचा. नाक समोरच्या काठाला टेकेपर्यंत जोडलेल्या सगळ्या सांगाड्याचा गुरुत्वमध्य अलीकडच्या रोलरच्या मागेच राहिला पाहिजे. हे चुकले की पूल नदीत नाक खुपसतो.

वापरात आल्यावर बिघाड सहसा लोखंडात होत नाही. काठाचा आधार खचतो किंवा पुराने त्याच्याखालची माती खरवडली जाते, पूल एका कोपऱ्यावर बसतो आणि पिळवटतो. जुन्या पडलेल्या खांबावरच नवा आधार उभारला असेल, तर ही शक्यता अधिक, कारण स्फोटाने दगडी बांधकामात गेलेल्या भेगा वरून दिसत नाहीत. दुसरे कारण चालकांचे : दोन ट्रक एकामागोमाग चढतात. एका वेळी एकच वाहन, ही पाटी पुरत नाही, काठावर अडथळा आणि माणूस लागतो. तिसरे, पिनांच्या सुरक्षा-क्लिपा चोरीला जातात. दर आठवड्याला पायी फिरून प्रत्येक पिन आणि क्लॅम्प पाहणे, फळ्या घट्ट करणे, हे काम कोणाच्या तरी नावावर लिहिलेले असावे.

प्रश्न : जिल्ह्याचे रस्ते मुरुमाचेच का ठेवतात? ते दरवर्षी खराब होतात, मग पैसा वायाच जातो ना? (सेवानिवृत्त शाखा अभियंता)

आपण या खात्यातलेच, त्यामुळे आकड्यांतच बोलू. 5 मीटर रुंद रस्त्यावर 15 सेंटिमीटर दाबलेला मुरूम म्हणजे किलोमीटरला 750 घनमीटर. सैल मोजायचा तर सुमारे 1,000 घनमीटर आणावा लागतो. दिवसाला शंभरेक वाहनांच्या रस्त्यावरून वर्षाला 2 ते 3 सेंटिमीटर मुरूम धुळीत आणि पावसात जातो. म्हणजे पाच ते सात वर्षांनी पुन्हा मुरूम टाकायचाच आहे, हे पहिल्या दिवशी अंदाजपत्रकात लिहायचे. तो खर्च धरला तरी इतक्या कमी वाहतुकीला डांबरापेक्षा हा रस्ता परवडतो.

रस्ता वेळेआधी जातो तो पाण्याने. मध्यापासून कडेला 6 टक्के उतार द्या : अडीच मीटरला 15 सेंटिमीटर. दबाईनंतर आणि वाहतुकीने तो बसतो, म्हणून सुरुवातीला थोडा जास्तच ठेवतात. उतार 3 टक्क्यांवर आला की पाणी चाकोरीत थांबते, चाकोरी खोल होते, आणि मग पाणी रस्त्याच्या लांबीने वाहू लागते. तिथून पुढे ग्रेडरशिवाय (पृष्ठभाग खरवडून आकार देणाऱ्या यंत्राशिवाय) सुटका नाही. बाजूच्या चरातले पाणी वेळोवेळी शेताकडे वळवणारे फाटे हवेत. चढावर चरात दगडांचे छोटे बांध घाला, नाहीतर चर स्वतःच ओढा होतो.

मोरीचा पाइप 60 सेंटिमीटरपेक्षा लहान घेऊच नये. पाणी मावले तरी माणसाला आत फावडे घालता येत नाही आणि दोन पावसाळ्यांत तो गाळाने भरतो. तळाचा उतार 2 ते 4 टक्के. कमी दिला की गाळ बसतो, जास्त दिला की तोंडाशी खड्डा पडून शेवटचा पाइप निखळतो. पाइपवर किमान 45 सेंटिमीटर भराव. जिथे ओढा वर्षातले थोडेच दिवस वाहतो, तिथे मोरीपेक्षा फरशी पूल बरा : पाणी वरून जाऊ द्यायचे, चार तास वाहतूक थांबते, पण बांधकाम जागेवर राहते.

दबाईच्या वेळी मुरूम ओला किती, हे प्रयोगशाळा नसली तरी कळते. मूठभर घेऊन दाबा. गोळा बनला आणि तळहात ओला झाला नाही, तर रोलर फिरवा. गोळा फुटला तर पाणी मारा, हाताला चिकटला तर सुकू द्या. कोरड्या मुरुमावर कितीही फेऱ्या मारल्या तरी पहिल्या पावसात तो सुटतो.

मोझांबिकने या जोडरस्त्यांसाठी मजूरप्रधान पद्धत मुद्दाम निवडली. मऊ मातीत चर खणायला एक माणूस दिवसाला दोन-तीन घनमीटर काम करतो. यंत्र लवकर करते हे खरे, पण त्याचा एक पंप बिघडला की सुटा भाग येईपर्यंत ते महिनोन्महिने झाडाखाली उभे. शिवाय मजुरी त्याच गावात राहते, जिथे नुकत्याच परतलेल्या माणसांच्या हातात रोख काहीच नसते. बांधून झाल्यावर दर एक-दोन किलोमीटरला जवळच राहणारा एक देखभालदार नेमायचा. त्याच्या कामाचा क्रम ठरलेला असावा : पावसाआधी मोऱ्यांची तोंडे, मग चर आणि फाटे, मग खड्डे, गवत शेवटी. खड्डा भरताना कडा उभ्या कापायच्या, पाणी काढायचे, थराथराने धुमसायचे आणि वर दोन-तीन सेंटिमीटर उंच सोडायचे. या माणसाचा पगार वेळेवर होतो की नाही, यावर सगळ्या रस्त्याचे आयुष्य ठरते. त्यासाठीच तिथे इंधनावरच्या करातून रस्ते निधी उभा केला आहे. असा पैसा दरवर्षी येत राहतो, देणगी येत नाही.

प्रश्न : ट्रकवर थोडा जास्त माल घातला तर रस्त्याचे नुकसानही थोडेच व्हायला हवे, नाही का? (एक वाचक)

नाही. डांबरी रस्त्याचे नुकसान आसाच्या भाराच्या साधारण चौथ्या घातात वाढते. 10 टनांच्या जागी 12 टन आले, तर 1.2 चा चौथा घात, म्हणजे दुप्पट नुकसान. वजनकाटा महामार्गाच्या सुरुवातीलाच हवा, मधल्या गावात नको. तिथपर्यंत नुकसान होऊन गेलेले असते.

प्रश्न : वीस वर्षे बंद असलेला रेल्वेमार्ग जुन्या रुळांवरच सुरू करता येतो का? मोझांबिकच्या ‘सेना’ नावाच्या रेल्वेमार्गाचे काय झाले? (निवृत्त रेल्वे कर्मचारी)

रूळ बहुधा टिकतात, बाकीचे टिकत नाही. लाकडी स्लीपर वाळवी आणि वणव्यात जातात, लोखंडी स्लीपर आणि जोडसामान लोक काढून नेतात, खडी मातीने भरून तिच्यातून पाणी झिरपत नाही. स्लीपर 65 सेंटिमीटरवर धरले तरी किलोमीटरला सुमारे 1,540 नवे लागतात. कामाची गाडी पहिल्यांदा जाते तेव्हा ती रुळांवरून घसरण्याची कारणे दोन : गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, पसरणे (तिथला गेज 1,067 मिलिमीटर आहे) आणि दोन रुळांची पातळी थोड्या अंतरात बदलून मार्गाला पीळ पडणे. म्हणून पहिले काही महिने वेग अगदी कमी ठेवतात आणि पाऊस पडला की पुन्हा मोजणी करतात.

बैरा बंदर ते कोळसा खाणींचे मोआतिझे हा सेना मार्ग सुमारे 575 किलोमीटरचा. त्यावरचा झांबेझी नदीचा दोना आना पूल 3.67 किलोमीटर लांब आणि 1930 च्या दशकातला. ऐंशीच्या दशकात त्याचे गाळे उडवले गेले. 1995 मध्ये अमेरिकी मदतीने तो दुरुस्त झाला, पण रेल्वेसाठी नव्हे, एकेरी मोटाररस्ता म्हणून. निर्णय योग्यच होता, कारण दोन्ही बाजूंना रेल्वे नव्हतीच आणि ट्रक मात्र नदीकाठी थांबलेले होते. 2004 मध्ये भारताच्या राइट्स आणि इरकॉन या सरकारी रेल्वे कंपन्यांच्या समूहाला या मार्गाचे कंत्राट मिळाले (पुढे सरकारने ते रद्द केले), आणि 2009 पर्यंत पूल पुन्हा रेल्वेचा झाला. त्याच वर्षी 1 ऑगस्टला काइया येथे 2,376 मीटरचा नवा रस्तापूल खुला झाला. तोवर देशाचा मुख्य उत्तर-दक्षिण रस्ता तिथे तराफ्यावर अवलंबून होता.

प्रश्न : तिथे तारेचे फोन पसरण्याआधी मोबाइल कसा पसरला? (दूरसंचार तंत्रज्ञ)

तांब्याची तार टाकायची तर रस्त्याच्या कडेने सलग खणावे लागते, म्हणजे सलग सुरुंग काढावे लागतात, आणि टाकल्यावर ती चोरीला जाते. मनोऱ्याला दर 40 किलोमीटरवर एक छोटी साफ जागा पुरते. एमसेल ही मोबाइल कंपनी 1997 मध्ये सुरू झाली, व्होडाकॉम 2003 मध्ये.

मनोरे एकमेकांना रेडिओलहरींनी जोडलेले असतात, म्हणून त्यांच्यामध्ये आडकाठी नको. मनोरा किती उंच, याचा हिशेब सोपा आहे. सपाट प्रदेशात 40 किलोमीटरच्या टप्प्यात पृथ्वीचा फुगवटा मध्यभागी सुमारे 24 मीटर येतो. 7 गिगाहर्ट्झ वारंवारतेच्या लहरीसाठी त्याच्या वर मोकळी ठेवायची जागा साधारण 12 मीटर. झाडे 15 मीटर. बेरीज 51, म्हणून दोन्ही टोकांना पन्नास-पंचावन्न मीटरचे मनोरे. झाडे वाढतात, त्यामुळे काठावरचा हिशेब केलेला दुवा पाच वर्षांनी पावसाळ्यात तुटू लागतो आणि लोक रेडिओ बदलत बसतात.

खरी डोकेदुखी विजेची. मनोऱ्यावरच्या यंत्रांच्या 1 किलोवॉट भाराला दिवसाला 24 युनिट लागतात. नुसत्या जनरेटरवर चालवले तर 250 तासांची सर्व्हिसिंग दर दहा दिवसांनी येते, डिझेल चोरीला जाते, आणि मोठा जनरेटर हलक्या भारावर चालून काजळी धरतो. सौर पॅनेल लावायची तर पाच तासांचे चांगले ऊन आणि 30 टक्के तूट धरून सुमारे 7 किलोवॉट. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून खाली उतरवायची नाही, म्हणून एका दिवसाच्या साठ्यासाठी 48 व्होल्टला 1,000 अँपिअर-तास. जनरेटर फक्त ढगाळ दिवसांसाठी ठेवायचा.

प्रश्न : मार्च 2019 मध्ये इडाई चक्रीवादळात बैराचा नवा महामार्गही तुटला. काम निकृष्ट होते का? (एक वाचक)

तुटला एवढ्यावरून तसे म्हणता येत नाही. पूरमैदानातून उंच भरावावर नेलेला रस्ता बांधासारखा पाणी अडवतो. मोऱ्या आणि पूल मिळून जेवढे पाणी जाऊ शकते, त्याहून जास्त आले की ते भरावावरून उलटते, उतरत्या बाजूची माती खालून खरवडते आणि डांबराचा थर अधांतरी राहून कोसळतो. उपाय दोन : पाण्याला वाटा वाढवणे, किंवा काही टप्पे मुद्दाम खाली ठेवून त्यांचे उतार दगड-काँक्रीटने बांधून घेणे, म्हणजे पाणी कुठून जायचे हे आपण ठरवतो. आणि तुटलेला भाग नुसत्या मातीने परत भरायचा नाही. पाण्याने जिथे वाट केली, तिथेच नवी मोरी किंवा पूल घालायचा.