पोरगी हुशार आहे, पण सीईटीला घाबरते

प्रश्न : माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. इंजिनिअरिंगला जायचं, हे तिचंच ठरलेलं. आता म्हणते, 'सीईटी कॉम्प्युटरवर असते, मला नाही जमणार, बी.ए.ला घाला.' घरात दोन स्मार्टफोन आहेत, एक माझा आणि एक मोठ्या मुलाचा. मध्यंतरी क्लासची टेस्ट पुढे गेल्याचा निरोप ग्रुपवर आला. हिला कळलं नाही, एसटीने जाऊन हात हलवत परत आली. तेव्हापासून मैत्रिणींतही मिसळत नाही. काय करावं?
– एक पालक, अकोले तालुका

उत्तर : बी.ए.ची आवड असेल तर खुशाल करू द्या, पण तुमच्या पत्रातून तसं काही दिसत नाही.

आधी मैत्रिणींचं बोलू. हल्ली गृहपाठ, नोट्स, शंका, वाढदिवसाचे बेत, सगळं ग्रुपवर ठरतं. फोन नसलेल्या मुलीला रोज विचारावं लागतं, 'काय आलं गं ग्रुपवर?' काही दिवसांनी विचारायची लाज वाटते, मग समोरच्याही सांगायचं विसरतात. मुलगी घुमी झाली असं घरच्यांना वाटतं. खरं तर ती वर्गाच्या निम्म्या गप्पांमधून आधीच बाहेर पडलेली असते.

हे तुमच्याच घरात घडतंय असं नाही. 2023 च्या 'असर' या शिक्षणविषयक पाहणीत ग्रामीण भागातल्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या 14 ते 18 वयाच्या मुलांपैकी सुमारे 44 टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी जेमतेम 20 टक्क्यांकडे. म्हणून स्पष्टच लिहितो : तुमच्याकडे अडचण पैशाची कमी आणि वाटणीची जास्त आहे. नवा फोन घेऊ नका. रोज संध्याकाळी दोन तास तुमचा फोन तिचा. क्लासच्या ग्रुपवरही तुमचाच नंबर घाला आणि आलेला निरोप तिला त्याच दिवशी दाखवा.

आता सीईटी. पीसीएम गटात 150 प्रश्न, 200 गुण, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. आधी 90 मिनिटं फिजिक्स-केमिस्ट्री, मग 90 मिनिटं मॅथ्स. सगळे प्रश्न पर्यायी, त्यामुळे टायपिंग लागत नाही. माउसने पर्याय निवडायचा, उत्तर सेव्ह करून पुढे जायचं, राहिलेल्या प्रश्नांच्या नंबरावर क्लिक करून मागे यायचं, बस्स. खरी सवय लागते ती स्क्रीनवरचा प्रश्न वाचून कच्च्या कागदावर गणित सोडवण्याची. नजर वर-खाली करताना आकडे चुकतात! कॉलेजच्या प्राचार्यांना भेटून आठवड्यातून दोनदा कॉम्प्युटर लॅब मागून घ्या. जेईई ही इंजिनिअरिंगची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा घेणाऱ्या एनटीए या संस्थेच्या संकेतस्थळावर तिच्या सराव चाचण्या मोफत आहेत. पेपर वेगळा असला तरी हात बसायला चालतील.

फीच्या धास्तीनेही पोरी मागे सरतात, म्हणून सांगतो. 2024-25 पासून ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) गटातल्या मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांमधून, घेतलेल्या व्यावसायिक प्रवेशाची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढायला टाका.

अर्ज नेट कॅफेतून भरलात तरी मोबाईल नंबर तुमचा आणि ई-मेल तिचा द्या, कॅफेवाल्याचा नको. पासवर्ड तिच्या वहीत लिहून ठेवा. कॅप राउंडला ओटीपी भलत्याच्याच फोनवर गेला, तर मिळालेली सीट हातची जाते.