ओल्या वाळूत मशीन बोंबलतं तेव्हा : डिटेक्टरवाल्यांचे प्रश्न

पाऊस सरत आला की मेटल डिटेक्टर घेऊन किनाऱ्यावर हरवलेलं सोनं-नाणं शोधणाऱ्यांच्या प्रश्नांनी माझा इनबॉक्स भरतो, हे आता दरवर्षीचंच झालंय. यंदाचे प्रश्न घेतलेत, जे सारखे होते ते एकत्र केलेत. कुणाचं नाव टाकलेलं नाही, कारण निम्म्या लोकांनी बायकोला न सांगता मशीन घेतलंय.

प्रश्न : दादा, ऑनलाइन स्वस्तातलं मशीन घेतलं. अंगणात पाच रुपयांचं नाणं बरोब्बर दाखवतं, पण गणपतीपुळ्याला ओल्या वाळूवर नेलं की नुसतं बोंबलत सुटतं. फसलो का?

फसला नाहीत, नको तिथे नेलंत एवढंच. खारं पाणी स्वतःच वीज वाहून नेतं, त्यामुळे मिठाने भिजलेली वाळू म्हणजे मशीनच्या लेखी खाली एक मोठा पातळ पत्रा पसरल्यासारखीच असते, आणि तुमची कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची चकती, झोक्यासारखी वरखाली झाली की तो पत्रा जवळ आला लांब गेला, जवळ आला लांब गेला, मग ते ओरडणारच ना बिचारं. त्यात रत्नागिरीच्या पट्ट्यात, काळबादेवी म्हणा मालगुंड म्हणा, वाळूत इल्मेनाइट नावाचं लोहयुक्त काळं खनिज आहे, ती काळी काळी रेघ दिसते बघा ओहोटीनंतर. मीठ आणि काळी वाळू एकत्र आली की एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारं मशीन गोंधळतं.

आता घेतलंच आहे तर वरच्या कोरड्या वाळूत वापरा, जिथे लोक चटया टाकून बसतात, पर्सा ओततात, पोरांचे कपडे बदलतात. सेन्सिटिव्हिटी निम्म्यावर आणा आणि कॉइल जमिनीपासून एकाच उंचीवर ठेवून फिरवा, केर काढल्यासारखी शेवटाला उचलायची नाही. मशीन पडद्यावर प्रत्येक वस्तूला एक आकडा देतं, काही जण मिठाचा आवाज येतो तेवढा आकडाच बंद करून टाकतात आणि मशीन शांत झालं म्हणून खूश होतात, पण बारीक सोनं नेमकं त्याच आकड्यांच्या आसपास बोलतं. म्हणजे मिठाबरोबर नाकातली चमकीही गेली.

ओल्या वाळूचा नाद खरंच लागला तर पुढे मल्टी-फ्रिक्वेन्सी घ्या, माइनलॅब इक्विनॉक्स किंवा नोक्टा लेजंडसारखं. ती एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी सोडतात, प्रत्येकीला मीठ वेगळं उत्तर देतं, त्या फरकावरून मशीन मीठ ओळखून वजा करतं.

प्रश्न : कळंगुटला गुडघाभर पाण्यात लाटेने मंगळसूत्र गेलं. पुण्याला परत आलोय, चार दिवस झाले. मिळेल का हो?

खोटं कशाला सांगू, अवघड आहे, पण संपलेलं नाही. सोनं जड असतं, लाटेबरोबर मैलभर वाहत जात नाही, साधारण पडलं तिथेच लाटेच्या हलवण्याने खाली खाली रुतत जातं. खरी अडचण मंगळसूत्राचीच आहे. अंगठी म्हणजे एक अखंड कडं, मशीनला ते लगेच कळतं. साखळीचं तसं नाही, कड्या एकमेकींना नुसत्या टेकलेल्या असतात त्यामुळे मशीनला अख्खी साखळी दिसतच नाही, एक एक चिमुकली कडी दिसते, आणि काळे मणी तर काचेचे, ते गेलेच हिशोबातून. उरल्या दोन वाट्या. म्हणजे आपण मंगळसूत्र नाही, वाट्या शोधत असतो, आणि त्याही वीतभर खोल गेल्या तर चांगल्या मशीनचीही दमछाक होते.

म्हणून ज्याला शोधायला बोलावाल त्याच्याकडे घरातलं तशाच घडणीचं दुसरं मंगळसूत्र घेऊन जा, सासूबाईंचं, वहिनीचं, कुणाचंही. झिपच्या पिशवीत घालून ओल्या वाळूवर ठेवायचं, वरून कॉइल फिरवून आवाज कानात बसवायचा, मगच पाण्यात उतरायचं. आणि जागा! ‘त्या शॅकच्या समोर’ ही जागा नव्हे. त्या दिवशीचे फोटो काढा, मागे काय दिसतंय बघा, माड आणि खांब कुठे एका रेषेत येत होते, भरती चढत होती की उतरत होती, फोटोवरची वेळ काय. त्यावरून वीस बाय वीस पावलांचा चौकोन आखून आधी आडवा मग उभा शोधायचा. मी असाच एकदा तीन दिवस घासून एक वाटी काढली होती. दुसरी नाही मिळाली. त्या ताई एकीवरच रडल्या, आणि मी चेहरा असा केला की वाळू गेली डोळ्यात.

पुढच्या वेळेसाठी सगळ्यांनाच सांगतो, पाण्यात जाताना दागिने खोलीवर ठेवा हो. गार पाण्यात बोटं बारीक होतात, वर सनस्क्रीन चोपडलेलं, अंगठी साबणासारखी निसटते.

प्रश्न : काका, किती वाजता जायचं? भरती-ओहोटीचं ॲप काहीतरीच दाखवतं.

आजीला विचारायचं होतंस. तिथीला पाऊणने गुणायचं, आली भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण बरोबर तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती, दुपारी आणि पहाटेही, आणि त्याच्या सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास भरती, म्हणून सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, पहाटे पाच-साडेपाचला आणि तशीच संध्याकाळी, आणि तीच आपली कारण उधाणाला पाणी सगळ्यात लांब मागे जातं. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरती-ओहोटीला, जाऊन उपयोग नाही, पाणी हलतच नाही फारसं. हा हिशोब मुंबई-कोकणचा आहे, आणि अर्धा तास इकडेतिकडे धरायचा.

महिना विचारशील तर पावसाळ्याचा शेवट. चार महिने लाटा वाळू ओढून आत नेतात, किनारा खरवडला जातो, खालचा कडक थर उघडा पडतो आणि जड वस्तू त्याच थरावर बसलेल्या असतात. ऑक्टोबरनंतर वाळू परत यायला लागते, वर दोन-तीन फुटांचं पांघरूण पडलं की संपलं. (नारळी पौर्णिमेचा सोन्याचा नारळ शोधायचाय असंही एकाने लिहिलंय. बाबा रे, वर्ख असतो तो.)

प्रश्न : पल्स इंडक्शन मशीन खोल जातं म्हणतात, तेच घेऊ का?

हे मशीन सलग लहरींऐवजी विजेचे झटके सोडतं. खोल जातं आणि मिठाला भीक घालत नाही, दोन्ही खरं. पण लोखंड आणि सोनं त्याला जवळपास सारखंच. आपल्या किनाऱ्यावर होड्यांचे खिळे, बाटल्यांची गंजकी बुचं, तुटक्या तारा, दिवसभर तेच उपसत बसाल. नको.

प्रश्न : हे कायदेशीर आहे का? जुनं नाणं सापडलं तर?

किल्ल्यापासून लांब राहा, ही पहिली गोष्ट. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, जंजिरा ही संरक्षित स्मारकं आहेत, हद्दीपासून 100 मीटर प्रतिबंधित आणि पुढचे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र, तिथे मशीन घेऊन दिसलात तर माझं नाव सांगू नका. जमिनीत दडलेली 10 रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं, असं 1878 चा निखात निधीचा कायदा सांगतो, आणि लपवलंत तर वर्षापर्यंत कैद होऊ शकते. दहा रुपये हा आकडा तेव्हाचाच आहे, हसू नका, कायदा चालू आहे. परवाची कुणाची अंगठी सापडली तर ती ‘सापडली म्हणून माझी’ होत नाही, मालक शोधा, नाही मिळाला तर पोलीस ठाण्यात द्या आणि पोच घ्या.

प्रश्न : लाटांमध्ये उभं राहून शोधायची काही ट्रिक?

समुद्राकडे पाठ करायची नाही, ही एकच, बाकी सवयीने येतं. सिग्नल आला की त्यावर पाय रोवायचा, पायाच्या अंगठ्यापुढे स्कूप, म्हणजे वाळू गाळणारं भोकांचं फावडं, घालायचा, लाट येऊ द्यायची, मग उपसायचा, पाय हलला की जागा गेली. कंबरेच्या वर पाणी नको, आणि लाल झेंडा असेल किंवा पाण्याला ओढ वाटली तर सरळ बाहेर, मशीन सोडून द्यावं लागलं तरी. मशीन वॉटरप्रूफ आहे म्हणजे फक्त मशीन वॉटरप्रूफ आहे, तुम्ही नाही. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, कॉइलचं कव्हर काढून आतली वाळूही, आणि ओल्या पोर्टला चार्जर लावू नका.

आणि पाण्यात एकदम गोड, गोल, परत परत येणारा आवाज आला तर लगेच घरी फोन करू नका. दहातल्या सहा वेळा ते जाळ्याचं शिसं असतं. मी डबाभर साठवून रापणीवाल्यांना, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांना, देतो, त्या बदल्यात कधी बांगडे मिळतात.