गाडीची कंपनीची सीट काढून दुसरी बसवायची आहे, सीटखालचे कपलर आणि त्यातल्या पिवळ्याचं काय करायचं?

गॅरेजवाल्याचं ते रेझिस्टरचं अजिबात ऐकू नका, बाकी सीट बदलायला माझी ना नाही.

तुम्ही लिहिलंय की ठाणे ते अंधेरी रोजच्या ड्रायव्हिंगने कंबरेची वाट लागली म्हणून ड्रायव्हरची साधी सीट काढून तिथे त्याच कंपनीच्या मोठ्या गाडीची पॉवर सीट टाकायची आहे, सीट कुर्ल्याला सीएसटी रोडवर बघून ठेवलीय, तुमच्या सीटखाली तीन कपलर (वायरी जोडणारे प्लास्टिकचे सॉकेट) आहेत त्यातला एक पिवळा, नव्या सीटला पिवळा कपलर आहे पण तो तुमच्या गाडीच्या वायरिंगला बसत नाही, आणि गॅरेजवाला म्हणतो पिवळ्यात रेझिस्टर टाकून भागवू. मी चेंबूरला ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो, असली कामं येत असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पिवळा रंग म्हणजे एअरबॅगचं सर्किट, हे जवळपास सगळ्या कंपन्या पाळतात. सीटखाली पिवळा असेल तर सीटच्या दाराकडच्या फुगीर कडेत साइड एअरबॅग आहे किंवा बेल्टच्या बकलला प्रीटेन्शनर आहे (म्हणजे धडक बसली की छोट्या स्फोटाने बेल्ट खेचून घट्ट करणारा), कधी दोन्ही असतात. आत एक इग्नायटर (तो छोटा स्फोट पेटवणारा भाग) असतो, त्याचा रेझिस्टन्स साधारण दोन-तीन ओहम. तुम्ही इग्निशन चालू केलं की एअरबॅगचा मॉड्युल (सगळ्या एअरबॅग सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर) अगदी बारीक करंट सोडून तो रेझिस्टन्स तपासतो, मिळाला नाही की डॅशवर एअरबॅगची लाइट पेटते आणि बिघाडाचा कोड साठवला जातो. आता गॅरेजवाला काय करणार, त्या कपलरच्या दोन पिनांमध्ये दोन ओहमचा रेझिस्टर खुपसणार, लॅमिंग्टन रोडला किरकोळीत मिळतो, मॉड्युलला वाटणार एअरबॅग जागेवर आहे, लाइट गेली, तुम्ही खूश. एअरबॅग मात्र नाहीच.

त्याच्या बाजूने एक मुद्दा आहे तोही सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल एकतर्फी बोलतोय. बऱ्याच गाड्यांत एअरबॅगची लाइट पेटलेली असताना मॉड्युल बाकीच्या एअरबॅगसुद्धा बंद ठेवू शकतो, मग नुसत्या ट्रॅकवर पळवायच्या गाडीत बिनएअरबॅगची बकेट सीट टाकणारे म्हणतात की रेझिस्टरमुळे निदान स्टेअरिंगची एअरबॅग तरी जिवंत राहते. ठीक आहे, त्यांची गाडी, त्यांचा ट्रॅक. तुम्ही बायकापोरांना घेऊन घोडबंदर रोडने जाणार, आणि उद्या गाडी विकलीत तर घेणाऱ्याला कोण सांगणार की आत काय दडवलंय?

मध्यंतरी एक एसयूव्ही आली होती, तक्रार एवढीच की एअरबॅगची लाइट खड्ड्यात पेटते आणि सिग्नलला जाते. सीट मागे ढकलून टॉर्च मारला तर पिवळ्या कपलरच्या तोंडात रेझिस्टरचे दोन पाय नुसते घुसवलेले, वरून काळी टेप, ती टेप उन्हाने पाझरून कार्पेटला चिकटलेली आणि एका पायाला हिरवा गंज. मालकाने गाडी सेकंडहँड घेतलेली, त्यांना पत्ताच नव्हता की सीट बदललेली आहे. वरून त्या सीटच्या दाराकडच्या कडेला एअरबॅगचं लेबल शिवलेलं!

आता तुमच्या सीटचं. कपलर बसत नाही याचा अर्थ नुसतं प्लास्टिक वेगळं आहे असं समजून वायर कापून जोडायला जाऊ नका. एअरबॅगच्या वायरला सांधा नको, सोल्डर नको, टेप तर नकोच. वेगळ्या मॉडेलची एअरबॅग तुमच्या मॉड्युलबरोबर टेस्ट झालेली नसते, तिचा इग्नायटर वेगळा असू शकतो, काही तर दोन टप्प्यांत फुगतात. म्हणून माझा सल्ला, मोठ्या गाडीची सीट सोडा आणि तुमच्याच मॉडेलच्या, त्याच पिढीच्या टॉप व्हेरियंटची सीट शोधा. रेल तीच, बोल्टची भोकं तीच, पिवळा कपलर बहुतेक वेळा तोच, फक्त मोटरसाठी वेगळी लाइन ओढावी लागते. भोकं जुळत नाहीत म्हणून खाली अँगल वेल्ड करून देणारे भरपूर भेटतील, त्यांनाही लांबूनच नमस्कार करा, कारण हल्ली बहुतेक गाड्यांत बेल्टचं बकल सीटलाच लावलेलं असतं आणि धडकेत तुमचा सगळा भार बकल, रेल, बोल्ट करत फ्लोअरमध्ये जातो, तिथे वेल्डिंगवाल्याची पट्टी टिकेल याची खात्री तो स्वतःही देणार नाही.

कुर्ल्याला सीट घेताना हात घालून बघा. दाराकडच्या कडेची शिवण उसवून परत घातलेली असेल तर एअरबॅग फुटून गेलेली असू शकते. मुंबईत दुसरी भीती पाण्याची, दर पावसाळ्यात पाण्यात बुडालेल्या गाड्यांचा माल बाजारात येतो, वरून शॅम्पू करून चकाचक, पण रेलच्या आतल्या बाजूला मातीची रेघ, स्प्रिंगांना गंज आणि कपलरच्या पिना हिरवट दिसल्या की समजायचं. अशी सीट फुकट दिली तरी घेऊ नका.

काढायची पद्धत. इथे क्रम चुकला की घोळ होतो. तुमची साधी सीट हाताने कधीही हलते, पण पॉवर सीट बॅटरी काढल्यावर हलत नाही, म्हणून सवय एकच ठेवा, पुढेमागे करून बोल्ट सोडवायचं काम आधी उरकायचं: सीट पूर्ण मागे घेऊन पुढचे दोन, मग पुढे घेऊन मागचे दोन. मग मधे आणायची, इग्निशन बंद, किल्ली बाहेर, बॅटरीचं मायनस टर्मिनल काढून बाजूला बांधून ठेवायचं, आणि थांबायचं. मॉड्युलमध्ये कपॅसिटर असतो, अपघातात बॅटरी तुटली तरी एअरबॅग उडावी म्हणून, तो रिकामा व्हायला वेळ लागतो. कुठल्या मॅन्युअलमध्ये दीड मिनिट दिलंय तर कुठे दहा, मी सरळ दहा धरतो, तेवढ्यात चहा होतो. मग सीट मागे कलंडवून कपलर काढा. पिवळ्याला डबल लॉक असतं, आधी छोटी रंगीत पट्टी ओढायची, मग दाबायचं, स्क्रूड्रायव्हरने उचकटायचं नाही. तो सुटला की एअरबॅगच्या बाजूने आतली एक छोटी पत्ती दोन्ही पिना आपोआप शॉर्ट करते, म्हणजे अंगावरच्या स्टॅटिकने उडू नये. त्या पिनांना मल्टिमीटर लावून ओहम बघायचा मोह होतो काहींना. नको. मीटर स्वतः करंट सोडतो.

आणि कपलर सुटलेले असताना गाडी काढायची नाही, इग्निशन नुसतं ऑनसुद्धा करायचं नाही. सोसायटीत कुणी येतो, म्हणतो जरा गाडी पुढे घ्या, आणि तुम्ही स्टुलावर बसून घेता; तेवढ्यात कोड पडतो. बाजारातले स्वस्त ब्लूटूथवाले ओबीडी स्कॅनर (गाडीच्या सॉकेटला लावून कोड वाचणारे) बहुतेक वेळा इंजिनचेच कोड वाचतात, एअरबॅगचा कोड पुसायला गॅरेजचा मोठा स्कॅनर लागतो.

बकलचं. नवीन सीटचं बकल लगेच वापरू नका, आधी तुमचं जुनं तिथे बसतंय का बघा. त्यातला स्विच कुठे साधा ऑन-ऑफ असतो, कुठे रेझिस्टरवाला, कुठे हॉल सेन्सर (चुंबकावर चालणारा), जुळला नाही की बेल्ट लावूनसुद्धा बीप बीप चालू. त्यावर लोक उपाय काय करतात तर बकलमध्ये डमी क्लिप, म्हणजे बेल्ट न लावताच बीप बंद. १ जुलै २०१९ पासून पुढच्या दोन्ही सीटना बेल्टचा हा बीपवाला रिमाइंडर सक्तीचा आहे, आणि त्या क्लिप विकल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये पाच ई-कॉमर्स कंपन्यांवर आदेश काढला होता.

मोटरची लाइन त्यामानाने सोपी. बॅटरीपासून स्वतंत्र जाड वायर, फ्यूज बॅटरीच्या जवळच (सीटजवळ लावला तर मधल्या सगळ्या वायरला फ्यूजचं संरक्षण राहत नाही), फ्यूज किती अँपिअरचा ते त्या सीटच्या गाडीच्या वायरिंग डायग्राममधून घ्या, अंदाजे नको. वायर त्या फ्यूजला पुरेल अशी, फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) जाताना रबर ग्रोमेटमधून, मग दाराच्या पट्टीखालून, आणि सीटखाली एवढी ढिली की सीट पूर्ण मागे-पुढे गेली तरी ताण नाही आणि रेलखाली चिरडणार नाही. अर्थ गाडीच्या बॉडीला, रंग खरवडून, पण एअरबॅगच्या अर्थच्या बोल्टवर नाही. सीट हीटर आला असेल तर मुंबईत तो जोडूच नका, उगाच एक लाइन वाढते. व्हेंटिलेशनचा पंखा असेल तर जरूर जोडा, पण इग्निशनवर रिले लावून, नाहीतर रात्रभर चालून सकाळी बॅटरी बसलेली.

बोल्ट कंपनीने दिलेल्या टॉर्कला, टॉर्क पान्यानेच. सगळं जोडून बॅटरी शेवटी लावा, तेव्हा आत कुणी बसलेलं नको, इग्निशन ऑन करा. एअरबॅगची लाइट पेटून काही सेकंदांत विझली पाहिजे. पेटलीच नाही तर जास्त वाईट, कुणीतरी ती लाइटच काढून टाकलेली असू शकते, सेकंडहँड गाडी घेताना हे पहिलं बघायचं. सीट कव्हर टाकाल तेही एअरबॅगसाठी कडेला सोडलेल्या शिवणीचंच घ्या, नाहीतर एवढं सगळं करून एअरबॅग कव्हरच्या आत फुगायची.

कागदपत्रांचं थोडक्यात, सीटची संख्या बदलत नसेल तर आरसीला धक्का लागत नाही असं माझं मत, पण मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीत बदल करण्याबद्दलचं) एकदा वाचा आणि विमा कंपनीला मेलवर कळवून ठेवा.

जुनी सीट भंगारवाल्याला देऊ नका, तो लोखंडासाठी फोम जाळतो आणि आत एअरबॅग जिवंत आहे. घरी ठेवायची तर एअरबॅगच्या कडेवर वजन न ठेवता, उन्हापासून लांब, पोरांच्या हाताला लागणार नाही अशी. आणि ज्याला विकाल त्याला आधीच सांगा की ही एअरबॅगवाली आहे.