जुन्या सागवानी फळ्यांसाठी मकिता २०१२एनबी प्लेनर घ्यावा का?

हे फळीची जाडी एकसारखी करणारं यंत्र. घ्या, पण फळ्या बऱ्याच असतील आणि काम पुढेही चालणार असेल तरच. दोन-चार फळ्यांसाठी वखारीत नेऊन थिकनेसरवर (याच कामाच्या यंत्रावर) मारून आणणं स्वस्त पडतं.

मी हे यंत्र वापरतो. ३०४ मिमी रुंदीपर्यंतची फळी जाते, १६५० वॅटची मोटर घरातल्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर चालते, आणि पात्यांना दोन्ही बाजूंनी धार असल्यामुळे एक बाजू बोथट झाली की उलटवून लावायची. पूर्ण रुंदीच्या फळीवर एका फेरीत दीड मिमीच्या वर लाकूड काढायचं नाही. सागाला मी अर्धा-पाऊण मिमीच घेतो, फिनिश चांगला येतो. फळीच्या टोकांना थोडा खड्डा पडतो, म्हणून दोन्हीकडे दोन-तीन इंच जास्त लांबी ठेवा आणि शेवटी कापून टाका. आवाज प्रचंड आहे, फ्लॅटच्या बाल्कनीत विचारही करू नका.

मुख्य अडचण वेगळीच. हे यंत्र जाडी एकसारखी करतं, बाक काढत नाही. रोलर वाकडी फळी दाबून सपाट धरतात, पलीकडून निघाली की ती पुन्हा वाकते, फक्त गुळगुळीत होऊन! त्यामुळे आधी एक बाजू हातरंध्याने किंवा सरफेस प्लेनरवर (बाक काढून एक बाजू सपाट करणारं वेगळं यंत्र) सपाट करावीच लागते.

आणि जुन्या चौकटींचं लाकूड असेल तर आधी लोहचुंबक फिरवून बघा. आत तुटलेला एक खिळा राहिला तरी पात्याला दात पडतो आणि पुढच्या प्रत्येक फळीवर त्याची रेघ उमटते.